जपानच्या वर्गातला सत्कार

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर भात आणि नागली, म्हणजे नाचणी, एकदा घरात आली की पुढं हाताला काम नसायचं, आणि घरात आलेलं धान्य उन्हाळ्यापर्यंत पुरायचं नाही. मग आई, वडील, दोन भाऊ आणि मी दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर जायचो. मुकादमाचा टेम्पो यायचा. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि आम्ही. बागेच्या कडेला प्लास्टिकचा कागद ताणून झोपडी करायची आणि शेवटचा माल गाडीत भरून जाईपर्यंत तिथंच राहायचं. आई दिवसभर एकेक घड औषधात बुडवायची. संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांची सालं निघालेली असायची, त्यामुळं भाकरीला तिखट लावून खाणं तिला जमायचं नाही. ती कोरडी भाकरी खायची आणि आम्हाला सांगायची, मला तिखट आवडत नाय. हे खरं नव्हतं हे मला फार उशिरा कळलं. आता ती माझ्याकडं असते आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बोटानं चाटून खाते.

कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, मग काय, लहानपणी भरपूर द्राक्षं खाल्ली असशील. खाल्ली की. गळलेली, फुटलेली. पेटीत भरलेली लांबून बघितली.

शाळेचं म्हणाल तर वर्षाला दोन शाळा. दिवाळीपर्यंत पाड्यावरची, नंतर बागेजवळच्या गावातली. त्या गावातल्या गुरुजींनी मला वर्गात बसू दिलं, याचे मी आजही आभार मानते, कारण हजेरीत माझं नाव नव्हतं आणि ते मला हाकलून देऊ शकले असते. पण तिथं एक गोष्ट झाली. त्यांनी तोंडी हिशोब घातला आणि मी उभी राहून उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. पण मी ते आमच्या घरच्या बोलीत दिलं, आणि आख्खा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, पण मुलं हसायची थांबली नाहीत. त्या दिवसापासून मी तोंड बंद केलं ते जवळपास दहावीपर्यंत. कळलं नाही तरी विचारायचं नाही. शेजारणीच्या वहीत बघून उतरवायचं, रात्री पाठ करायचं. पुढं आश्रमशाळेत राहायला गेले, तिथल्या प्रगतिपत्रकावर माझ्याविषयी दरवर्षी एकच शेरा असायचा, शांत व गुणी मुलगी.

मी शांत नव्हते हो. मी घाबरलेली होते.

पाठ करण्याची ताकद होती म्हणून मी निभावले. माझ्याबरोबर टेम्पोतून जाणाऱ्या मुलींपैकी बाकी कुणी निभावलं नाही. पेठला कॉलेज केलं, बी.ए. झाले, डी.एड. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुणाला सांगताना आवाज खाली करत नाही. मग शिक्षिकेची नोकरी लागली आणि बदल्या होत होत पेठच्या डोंगरातल्याच एका पाड्यावरच्या शाळेत आले. दोन शिक्षक, चार वर्ग, एक व्हरांडा. मुलं अगदी माझ्यासारखी. त्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाप दिवाळीनंतर त्याच बागांवर जातात.

माझी मुलं चौथीपर्यंत छान शिकायची. पाढे खणखणीत, कविता तोंडपाठ. चौथी झाली की ती पाचवीला मोठ्या गावातल्या शाळेत जायची, तिथल्या वसतिगृहात राहायची. आणि दिवाळीला घरी आली की परत जायची नाहीत. दरवर्षी. मी घरोघर जाऊन विचारायचे. एका मुलीनं, जी माझ्याकडं पहिल्या नंबरात होती, घराच्या ओट्यावर बसून मला सांगितलं, "बाई, तिथं काही समजत नाय."

"मग विचारायचं ना सरांना."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मी जणू काय तिला झाडावरून उडी मारायला सांगितली होती. मग म्हणाली, "तुमच्याकडं तरी कुठं विचारत होतो."

ती हे चिडून बोलली नाही. जे होतं ते बोलली. दुसऱ्या आठवड्यात ती आईबरोबर टेम्पोत बसून गेली. मी रस्त्यावर उभी होते, तिनं हात केला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. या मुलांना न समजलेलं बोलून दाखवायला कसं शिकवायचं? कारण ते मलाच कधी कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच सुमारास शिक्षकांच्या परदेश अभ्यास दौऱ्याची जाहिरात निघाली. मी अर्ज केला, मुलाखत दिली. मुलाखतीत विचारलं, तुम्हाला तिकडं जाऊन काय बघायचंय? बाकीच्यांनी डिजिटल वर्ग वगैरे सांगितलं असणार. मी म्हटलं, उत्तर येत नसलेलं मूल तिकडं काय करतं ते बघायचंय. समोरचे साहेब ते लिहून घेत म्हणाले, हे बरंय. माझी निवड झाली. देश होता जपान.

घरी सांगितलं तर आईचा चेहरा पडला. "तुला शिकवता येत नाय म्हणून धाडतात का?"

वडील म्हणाले, "अगं, ती चांगली शिकवते म्हणून धाडतात."

"मग चांगलीला कशाला धाडतात? जिला येत नाय तिला धाडा की!"

  पुढं पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस पाड्यावर आला तेव्हा आख्खा पाडा आमच्या अंगणात गोळा झाला. पोलिसानं विचारलं, या बाईंचं वागणं कसंय? एक म्हातारे बाबा पुढं होऊन म्हणाले, "साहेब, लय गरीब हाय ओ, सोडून द्या तिला." पोलीस हसून हसून खाली बसला. आईनं त्याला नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन वाढलं, आणि माझं वागणं चांगलं ठरलं.

आमच्या गटाचे प्रमुख बागलाणातले एक मुख्याध्यापक होते, निवृत्तीला आलेले, बोलता बोलता अहिराणीवर घसरणारे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. माझ्या खोलीत मालेगावच्या उर्दू शाळेतल्या एक शिक्षिका होत्या, त्यांना मी आपा म्हणायचे. आपांनी एक बॅग भरून खाण्याचं आणलं होतं आणि आबांनी एक बॅग भरून सत्काराचं. शाली, फेटे, गुलाल नाही एवढंच. निघण्याआधीच्या बैठकीत सांगितलं होतं की नारळ विमानतळावर अडवतील. आबांनी तरी नारळ घेतले. तिकडं उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं अतिशय नम्रपणे, दोनदा वाकून, ते काढून घेतले.

आबांनी नारळांची रिकामी पिशवी घडी करून बॅगेत ठेवली. मग म्हणाले, "नारळाशिवाय सत्कार म्हणजे नुसती शाल. बरं दिसत नाही. आते काय करानं?"

आपा म्हणाल्या, "आबा, मेरे पास चिवडा है नाशिक का. बंद पाकीट है. वो दे दो."

"श्रीफळाच्या जागी चिवडा?"

"दोनो खानेच की चीज है ना?"

असं ते ठरलं. आज हसू येतं, पण आबांचं मन मला कळत होतं. आपण कुणाच्या दारी शिकायला चाललोय, तर मोकळ्या हातानं कसं जायचं? आमच्याकडं शाळेत कुणीही आलं तरी पहिलं काम सत्काराचं. मुलं उठून उभी राहतात, एका सुरात नमस्ते म्हणतात, गुलाबाचं फूल, शाल, श्रीफळ, दोन शब्द. वर्ग थांबतो. तो थांबतो हे सुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पाहुणा आल्यावर वर्ग थांबायचाच असतो. मीही अठरा वर्षं तेच करत होते आणि त्यात मला काही वावगं दिसत नव्हतं.

आम्हाला ज्या शाळेत नेलं ती डोंगरातल्या एका लहान गावात होती. भातखाचरं बघून मला तर इगतपुरीच्या बाजूला उतरल्यासारखं वाटलं. बूट काढून दारातल्या सपाता घालायच्या होत्या. आबांच्या पायाला एकही सपात येईना, ते टाचा बाहेर ठेवून फरफटत चालले. आमची बस घाटात अडकल्यामुळं उशीर झाला होता. दुभाषी बाई, ज्यांची हिंदी आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध होती, त्या म्हणाल्या, "पाठ आरंभ हो चुका है. कृपया पीछे के द्वार से शांतिपूर्वक प्रवेश करें."

त्या दिवशी तिथं खास पाठ होता. तिकडं अशी पद्धत आहे की एक शिक्षक शिकवतो आणि शाळेतले बाकीचे शिक्षक वर्गाच्या कडेनं उभे राहून बघतात. शिक्षकाला बघत नाहीत, मुलांना बघतात. प्रत्येकानं एकेक मूल वाटून घेतलेलं असतं. ते मूल कुठं अडलं, कुठं पेन्सिल थांबली, शेजारच्याला काय म्हणालं, एवढंच टिपतात. पाठ झाला की सगळे बसून त्यावर बोलतात.

वर्ग चौथीचा होता. फळ्यावर एक आकृती काढली होती, चौकोनी पोळीचा एक कोपरा कापून घेतल्यासारखी. तिचं क्षेत्रफळ काढायचं. दुभाषी बाई हलक्या आवाजात सांगत होत्या. दोन मुलांची आपापली रीत फळ्यावर मांडून झाली होती, एकीनं आकृतीचे आडवे दोन तुकडे केले होते, एकानं उभे. प्रत्येक रीतीखाली त्या मुलाचं नाव. मग तिसरा मुलगा उठला. बारीक चणीचा, शर्टाचं टोक बाहेर आलेलं. तो फळ्यापाशी आला, खडू हातात घेतला.

आणि आबा माझ्या कानाशी म्हणाले, "आधी सत्कार उरकून घेऊ. मग निवांत बघू."

मी त्यांना अडवलं नाही. अडवायचं सुचलंच नाही. उलट शालीची पिशवी माझ्याच हातात होती, ती मी त्यांना दिली. आबा सपाता फरफटवत दोन बाकांमधून थेट पुढं गेले. शिक्षक तरुण होते, तीस-बत्तीसचे. त्यांना क्षणभर कळलंच नाही काय चाललंय. आबांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, डोक्यावर भगवा फेटा ठेवला, हातात चिवड्याचं पाकीट दिलं आणि सवयीनं टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. वर्गातल्या मुलांनी एकमेकांकडं बघून वाजवल्या. शिक्षक कमरेत वाकले, फेटा घसरला, त्यांनी तो सावरला. आमच्यातल्या एकानं फोटो काढला. तो फोटो माझ्याकडं आहे. फोटोच्या एका बाजूला तो मुलगा दिसतो, हातात खडू, आणि तोंड थोडं उघडं. काहीतरी बोलायला सुरुवात केली होती त्यानं.

आबा मागं येऊन उभे राहिले. "झालं. आता बघू."

तो मुलगा जागेवर जाऊन बसला होता. शिक्षकांनी शाल आणि फेटा नीट घडी करून टेबलावर ठेवला, चिवडा त्यावर ठेवला, आणि त्या मुलाला काहीतरी म्हणाले. मुलानं मान हलवली. नाही.

त्याचा तो चेहरा मला ओळखीचा होता. बागेजवळच्या गावातल्या त्या वर्गात माझा असाच झाला असणार. मला वाटलं, संपलं. आता शिक्षक दुसऱ्याला उठवतील. मी असते तर उठवलं असतं, एवढे पाहुणे उभे आहेत, वेळ चाललाय, हात वर केलेली हुशार मुलं समोर बसलीत.

त्यांनी कुणालाच उठवलं नाही. ते त्या मुलाच्या बाकापाशी जाऊन गुडघ्यावर बसले, दोन शब्द बोलले, आणि मग वर्गाकडं वळून काहीतरी म्हणाले. दुभाषी बाईंनी सांगितलं, "वे कह रहे हैं, इनका विचार बीच में रह गया है. हम सब प्रतीक्षा करेंगे."

आणि सगळे थांबले. कुणी खोकलं नाही, कुणी हसलं नाही. शिक्षकही नुसते बसून राहिले. इतकं थांबलेलं मी कुठल्याच शाळेत बघितलं नव्हतं. आपा माझा हात दाबून पुटपुटल्या, "या अल्लाह, उठ जा बेटा."

तो उठला. फळ्यापाशी गेला आणि त्यानं आपली रीत मांडली. त्यानं कापलेला कोपरा भरून पूर्ण चौकोन धरला होता आणि त्याचंच क्षेत्रफळ काढलं होतं. चुकीचं उत्तर. आकड्यांना दुभाषा लागत नाही, मला ते लगेच दिसलं. शिक्षकांनाही दिसलं असणार. पण ते चूक म्हणाले नाहीत. त्यांनी त्याच्या रीतीखाली त्याचं नाव लिहिलं आणि वर्गाला विचारलं, यानं कसा विचार केला असेल, कोण सांगेल? मुलं बोलायला लागली. कुणी म्हणालं, मोठा चौकोन धरला. कुणी म्हणालं, पण तेवढी जागा तिथं नाहीये. एक मुलगी म्हणाली, मीसुद्धा आधी असंच केलं होतं. मग तोच मुलगा एकदम फळ्याकडं वळला आणि त्यानं कोपऱ्याचा लहान चौकोन काढून तेवढा वजा केला. उत्तर आलं. आणि त्याची रीत बाकी दोन्हींपेक्षा सोपी निघाली.

तास संपेपर्यंत फळा पुसला नाही. त्याचं पहिलं चुकलेलं उत्तरसुद्धा तसंच होतं, खाली नाव, आणि त्यातून निघालेला बाण बरोबर उत्तराकडं गेलेला.

नंतर एका खोलीत सगळे शिक्षक बसले. आम्हाला वाटलं आता स्तुती होणार. तिथं ज्यानं त्यानं आपण टिपलेलं सांगितलं, आणि मग ते तरुण शिक्षक उठून म्हणाले, पाहुणे आत आले तेव्हा त्या मुलाचा विचार तुटला, तो मी लगेच हातात धरायला हवा होता, मला उशीर झाला. दुभाषी बाईंनी हे हिंदीत सांगितलं तेव्हा आमच्या बाजूला कुणी मान वर करेना.

आबा उठले. त्यांना मी तोपर्यंत भाषणं ठोकतानाच बघितलं होतं. ते म्हणाले, "बाई, यांना सांगा, उशीर यांना नाही झाला. गलती आपली शे. आमच्याकडं पाहुणा आला की वर्ग थांबतो, आणि पाहुण्याला वाटतं आपला मान राहिला. मी छत्तीस वर्षं शाळेत काढली. आज पहिल्यांदा बघितलं की मान पोराचा पण असतो." मग म्हणाले, "पण शाल परत घेणार नाही. ती यांनी ठेवावी. आता तर जास्तच ठेवावी."

आपांनी ते दुभाषी बाईंना हिंदीत सांगितलं, त्यांनी पुढं किती पोचवलं माहीत नाही, पण तिकडचे सगळे हसले आणि ते शिक्षक आबांसमोर इतके वाकले की आबांना पण सपाता सांभाळत वाकावं लागलं.

बसमध्ये आबा खिडकीशी बसले होते. आपा त्यांना म्हणाल्या, "आबा, दिल छोटा मत करो. नारियल होता तो और पाच मिनट जाते." आबा इतके हसले की चालकानं आरशातून मागं बघितलं.

माझ्यासोबत आलेले काही जण अजून भाषणात सांगतात की जपानमध्ये मुलं स्वतः शाळा झाडतात. मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या पाड्यावरची मुलं रोजच झाडतात, सारवतात सुद्धा. मला जे बघायचं होतं ते मी बघून आले होते.

परत आल्यावर मी फार काही केलं नाही. फळा पुसायचं बंद केलं. आमचा फळा म्हणजे भिंतीवर काळा रंग दिलेला चौकोन, तो पुरेना म्हणून शेजारची भिंतही रंगवून घेतली. चुकलेलं उत्तर फळ्यावर राहणार, खाली मुलाचं नाव राहणार, आणि यानं कसा विचार केला असेल ते बाकीच्यांनी सांगायचं. घरच्या बोलीत सांगितलं तरी चालेल. पहिले काही आठवडे कुणी बोलेना. मी थांबायचे. थांबणं फार अवघड आहे, जीभ वळवळते. माझ्याबरोबरचे शिक्षक व्हरांड्यातून डोकावून म्हणायचे, "मॅडम, झोपला का वर्ग?" मी म्हणायचे, "नाही सर, शिजतोय." हळूहळू एकानं तोंड उघडलं, मग दुसरीनं. त्यांना मजा वाटायला लागली ती ही, की बाई चूक पुसत नाहीत.

मग एके दिवशी विस्तार अधिकारी साहेब न सांगता आले. चौथीतली एक मुलगी फळ्यापाशी उभी होती. बावन्नातून सत्तावीस वजा करून तिनं पस्तीस लिहिलं होतं आणि ते कसं केलं ते ती सांगत होती. दारात साहेब दिसले आणि मुलं सवयीनं अर्धी उठली. नमस्ते ओठांवर आलेलं. मी म्हटलं, "बसा. तिचं बोलणं चाललंय." 

साहेबांनी फळ्याकडं बघितलं. "मॅडम, हे उत्तर चुकलंय. भिंतभर चुकाच आहेत की! जपानला जाऊन उलटं शिकून आलात काय?"

मी काही बोलायच्या आत ती मुलगी, हातातला खडू तसाच, साहेबांना म्हणाली, "थांबा ना सर, माझं संपलं नाय अजून."

 साहेबांचा हात चष्म्याकडं गेला. मुलगी त्यांच्याकडं न बघता फळ्याकडं वळली आणि बोटांवर मोजत पुढं बोलायला लागली. "बावन्नातून वीस गेले, बत्तीस राहिले. बत्तीसातून सात गेले..." ती मोजत राहिली. "पंचवीस. मग हे पस्तीस कसं काय आलं?" तिनं वर्गालाच विचारलं. मागून एक जण ओरडला, "दोनातून सात जात नाय म्हणून तू सातातूनच दोन काढले! मी पण तसंच करतो!" आणि वर्गात एकच कालवा झाला, कोण कसं काढतो त्याचा. त्या कालव्यात साहेब बूट काढून आत आले आणि सतरंजीवर मुलांच्या मागं मांडी घालून बसले. निघताना म्हणाले, "मॅडम, मला कुणी फूल दिलं नाही आज."

"देऊ का सर? आणते."

"राहू द्या," ते म्हणाले. "फार दिवसांनी तास बघितला."

त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत. ते मनात आणते तर भिंत पुसायला लावू शकले असते.

जूनमध्ये ती मुलगी आणि तिच्याबरोबरची मुलं पाचवीला मोठ्या गावात गेली. मी दिवाळीची वाट बघत होते आणि तिला घाबरतही होते. दिवाळीच्या आधीच तिथल्या शाळेतल्या सरांचा फोन आला.

"मॅडम, तुमची पोरं लय विचारतात हो. एक संपला की दुसरा. समजलं नाय सर, परत सांगा सर."

मी घाबरतच विचारलं, "मग सर, तुम्ही काय करता?"

"काय करणार? सांगतो परत." ते हसले. "आता बाकीची पण विचारायला लागलीत. माझा धडाच पुढं सरकत नाय."

मी त्यांना म्हटलं, सर, तुमचे पाय धरावेसे वाटतात. ते म्हणाले, पाय नको, धडा पुढं सरकवायचा उपाय सांगा. तो माझ्याकडं अजून नाही.

दिवाळी झाली. मुकादमाचा टेम्पो पाड्यावर आला, आईबाप त्यात बसून गेले. मुलं वसतिगृहात परत गेली. ती मुलगी जाताना माझ्या घरी आली होती, आईनं तिला विचारलं, "तुला राहावतं का तिथं?" ती म्हणाली, "नाय राहावत. पण आमचा भागाकार अर्धा झालाय." आई तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली आणि नंतर मला म्हणाली, "बरं झालं तुला धाडलं."

ज्यांनी मला धाडलं त्यांचे, ज्या शिक्षकांनी आमचा सत्कार डोक्यावर घेऊन पुन्हा त्या मुलापाशी गुडघा टेकला त्यांचे, आबांचे, आपांचे, माझ्या आईवडिलांचे मी आभार मानते. माझ्या शाळेतून पाचवीला गेलेली ती सगळी मुलं यंदा सहावीत आहेत.